देवाची राई, माणसांचा मंडप

गेल्या वर्षीच्या श्रावणात गावाहून टपालाने एक जाडसर पाकीट आले. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. वडील नोकरीसाठी तिथून निघाले ते परत गेले नाहीत, आम्ही भावंडे मुंबईत वाढलो. पण गावच्या देवळात आमच्या घराण्याचा नारळाचा मान अजून आहे. त्या मानापायीच हे पाकीट. आत ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे छापील विनंतीपत्र होते, आमचा पहिला हप्ता पोचल्याची पावती होती आणि नव्या सभामंडपाचा नकाशा होता. नकाशावर पाच ठिकाणी लाल शाईच्या फुल्या. खाली चुलतभावाच्या, अण्णांच्या, वळणदार अक्षरात दोन ओळी : 'ही पाच झाडे काढावी लागतील. मानकऱ्यांच्या सह्या हव्यात. आपली व ताईची सही करून परत पाठवावे.'

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने नकाशा न उलगडताच सांगितले, "सही कर आणि पाठवून दे. देवाचं काम आहे. त्यात आपण खोडा घालायचा नसतो."

तिच्या शब्दाबाहेर मी सहसा जात नाही. पण फुल्यांपैकी एक मी ओळखली होती. देवळाच्या उजव्या अंगाला, विहिरीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक जुनी किंजळ आहे. दिवाळीच्या सुमारास तिचा सगळा माथा तांबूस होतो. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की आम्ही चारपाच मुले हात पसरून तिला कवेत घ्यायचा प्रयत्न करायचो. एका वर्षी हात पुरले आणि आपण मोठे झालो असे वाटले. सही करायला पेन घेतले की ती किंजळ आठवायची. पाकीट टेबलाच्या खणात पडून राहिले.

दिवाळीत एका स्नेह्यांकडे ही गोष्ट निघाली. घाटमाथ्यावरच्या आश्रमशाळांत आयुष्य काढून ते निवृत्त झाले आहेत. आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणतो. ऐकून घेतल्यावर मास्तर म्हणाले, "सही करायची तर करा. पण आधी एकदा माझ्याबरोबर आहुप्याला चला. राई म्हणजे काय ते बघा, मग ठरवा." ताईला भीमाशंकरचे दर्शन घ्यायचे होतेच. येताना ते करू, या बोलीवर ती तयार झाली. मी, ताई, माझी पत्नी आणि मास्तर, असे आम्ही भाऊबीज उलटल्यावर निघालो.

उसाकडून भाताकडे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने साठेक किलोमीटरवर मंचर. तिथून डावीकडे वळले की घोडेगाव आणि मग डिंभे. मंचरपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, बटाटे, कांद्याची रोपे. सुबत्तेचा मुलूख. डिंभ्याला घोड नदीवरचे धरण लागते आणि या सुबत्तेचे मूळ कळते. कुकडी प्रकल्पातले हे एक मोठे धरण. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. ते याच आंबेगाव तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे आडवे झालेल्या या गिरणी कामगाराचे नाव आपण शाळेत पाठ केलेले असते; त्याचे गाव कुठले ते मात्र आपल्याला ठाऊक नसते.

घोड नदी उगम पावते ती आहुप्याच्या डोंगरात. म्हणजे आम्ही नदीच्या उलट दिशेने, तिच्या माहेरी चाललो होतो. मास्तर म्हणाले, "मंचरला तुम्ही उसाचा रस प्यालात ना? त्यातलं पाणी वर आहुप्याला पडलेलं." धरणात आदिवासींची गावे आणि खोऱ्यातली सर्वांत सुपीक भातजमीन गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळात काही जण अजून पीक घेतात. खाली रस, वर गाळ. धरणाच्या काठाकाठाने वळणे घेत जाणाऱ्या रस्त्यावर हा हिशेब डोळ्यांना दिसत राहतो.

याच आहुपे खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा गावावर आला आणि १५१ माणसे गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी. चालकाला जागेवर गावच दिसेना, तेव्हा ही बातमी जगाला कळली. वाचलेल्यांसाठी जवळच नवे गाव वसवले, ते २०१७ मध्ये. तिथे आम्ही थांबलो नाही. ताईने गाडीतूनच हात जोडले. उताराची माती, पाणी आणि झाडे यांचे नाते बिघडले की काय होते, यावर तज्ज्ञांची बरीच चर्चा तेव्हा झाली. पण त्या वळणावर कोणालाच काही बोलावेसे वाटले नाही.

मग चढ लागला. ऊस केव्हाच मागे पडला होता. आता पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे. काही कापून झालेली, काही पिवळी होऊन वाट बघणारी. डोंगरउतारावर दगडमातीचे बांध रचून अशी खाचरे घडवण्याला इकडे पडकई म्हणतात. शेजारीपाजारी मिळून एकेकाच्या जमिनीवर राबतात आणि दगडाच्या छातीवर मूठभर भाताची सोय करतात. खाचरांच्या वर नाचणी-वरईचे तुकडे, त्यांच्या वर करवीचे रान. करवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि ते वर्ष आमच्या वाट्याला आले नव्हते. पण सोनकीची शेवटची पिवळी फुले बांधांवर अजून तग धरून होती.

आहुपे हे सह्याद्रीच्या अगदी काठावरचे महादेव कोळी समाजाचे गाव. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातले. मास्तरांच्या ओळखीच्या घरी उतरलो. अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या, ओट्यावर सुपात हिरडे वाळत घातलेले. घरच्या मावशींनी नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची उसळ आणि लसणीचा ठेचा वाढला. "मुंबईवाल्यांना आवडंल का?" असे त्या तीनदा म्हणाल्या आणि आम्ही तीन तीन भाकऱ्या खाऊन त्याचे उत्तर दिले.

राईत

जेवणानंतर घरचे बाबा आमच्याबरोबर निघाले. सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. शेताच्या बांधावरून चालताना ऊन चांगलेच लागत होते. समोर झाडांची एक गडद भिंत दिसत होती. आजूबाजूचे रान खुरटे, पोपटी. आणि मध्येच ही काळसर हिरवी रास, जणू डोंगराने तेवढाच भाग मुठीत झाकून धरला आहे. बाबांनी राईच्या तोंडाशी वहाणा काढल्या. आम्हीही काढल्या.

आत पाऊल टाकले आणि ऊन मागे राहिले. ही भैरवनाथाची देवराई. तिच्यात काय आहे, असे विचारले तर यादी सांगता येईल : अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, उंबर. पण पहिल्यांदा कळते ती यादी नव्हे. पहिल्यांदा तळव्यांना माती कळते. पावसाळा संपून तीनेक आठवडे झाले होते. बाहेरच्या पायवाटेला भेगा पडू लागल्या होत्या. इथे पानांचा थर पायाखाली दबत होता आणि त्याखालची जमीन ओलसर, गार होती. मग नाकाला कळते : कुजलेल्या पानांचा, बुरशीचा, मायेच्या जुन्या पेटीसारखा वास. डोळे सर्वांत शेवटी सरावतात.

सरावल्यावर दिसली ती गारंबी. माणसाच्या मांडीएवढी जाड वेल पिळे घालत एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली. कुठे झोपाळा झालेला, कुठे कमान. तिच्या शेंगा हातभर, त्याहूनही लांब असतात. बाबांनी जमिनीवरचे एक चपटे, तपकिरी, गुळगुळीत बी उचलून दाखवले आणि परत होते तिथे ठेवले. ताई म्हणाली, "'गारंबीचा बापू' मी चारदा वाचलाय, पण गारंबी आज बघितली!"

वरून चक्-चक् असा खडखडाट आला. शेकरू. भीमाशंकरच्या रानांची शान आणि आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट. एका फांदीवरून पलीकडच्या झाडावर त्याने अशी झेप घेतली की माझ्या पत्नीच्या तोंडून "अगं बाई!" निघाले. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याचा सगळा संसार शेंड्यांवर. पानाकाटक्यांची गोल घरटीही तो एक सोडून अनेक बांधतो. फांदीला फांदी लागलेली असेल तरच त्याचे रस्ते चालू राहतात. मधले एक झाड गेले तर आपल्या दृष्टीने एक झाड जाते, शेकराच्या दृष्टीने पूल जातो.

वाया कुठं?

राईच्या मधोमध एक अजस्र झाड आडवे पडलेले होते. बुंधा छातीएवढा उंच. त्यावर शेवाळ, नेचे, पांढऱ्या-करड्या छत्र्या. बाबा म्हणाले, "हे निसर्ग वादळात पडलं." ३ जून २०२० चे ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळून पुढे याच डोंगरांवरून गेले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात त्याने हिरड्याची कितीतरी झाडे मोडली. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणे हे इथल्या घरांचे रोख उत्पन्न. त्यामुळे तो घाव थेट चुलीपर्यंत गेला.

"बाहेर पडलेल्या झाडांचं काय केलंत?" मी विचारले.

"ती फोडली. जळणाला झाली."

"आणि हे?"

"हे देवाचं."

ताईला राहवले नाही. ती काटकसरीत वाढलेली. गॅसवर दूध तापले की त्याच आचेवर ती चहाचे पाणी ठेवते. ती म्हणाली, "पण बाबा, एवढं लाकूड वाया गेलं की हो!"

बाबांनी तिच्याकडे जरा आश्चर्याने बघितले. "वाया कुठं, बाई? त्याच्याच घरात पडलंय."

यात उपदेशाचा सूर नव्हता. विहिरीतले पाणी विहिरीत आहे, इतक्या सहजपणे ते बोलले. त्या पडलेल्या बुंध्याच्या कुशीत पाचसहा रोपे उगवली होती. झाड पडल्याने वर जो झरोका झाला होता त्यातून उन्हाचा एक कवडसा नेमका त्यांच्यावर येत होता. मास्तरांनी सांगितले की पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री या भागातल्या रानांत कुजणारी लाकडे हिरवट उजेडाने चमकतात. मायसीना नावाच्या बुरशीची ती किमया. तो उजेड पाहायला आता भीमाशंकरच्या रानात शहरातून झुंडी येतात आणि विजेऱ्यांच्या झोतात तोच उजेड तुडवतात. पण बुरशी चमकते ती कुजणाऱ्या लाकडावर. लाकूड उचलून नेले तर उजेडही गेला.

देवराईचा कायदा असा एका ओळीचा आहे. आतले बाहेर न्यायचे नाही. हिरवे तर नाहीच, वाळलेलेही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून पाहिल्या आणि दोनशेहून अधिक रायांची नोंद केली. ही प्रथा शेतीच्याही आधीच्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजापासून आलेली असावी, असे त्यांनी मांडले. देव उघड्यावर, झाडांत, तांदळ्याच्या रूपात. डोक्यावर छप्पर आले ते फार नंतर.

मी बाबांना विचारले, "लोक इतके पाळतात, ते देवाच्या भीतीने?"

"भीती हाये की." मग थोडे थांबून म्हणाले, "पण नुसत्या भीतीनं न्हाय भागत. जळण बाहेर मिळतं म्हणून आतलं ऱ्हातं."

हे वाक्य मी नंतर कितीदा मनात घोळवले. आपण शहरातली माणसे देवराईच्या गोष्टी ऐकतो आणि आदिवासींना ऋषी करून टाकतो. ही माणसे ऋषी नाहीत. भाताचे रोप करण्याआधी जमीन भाजायला राब लागतो, त्यासाठी ती बाहेरच्या झाडांच्या फांद्या तोडतात. चुलीला लाकूड लागते, कुडाला काठ्या लागतात. पोट बाहेर आणि देव आत, अशी वाटणी त्यांनी केली आणि दोन्हीकडचा हिशेब सांभाळला. बाहेर काही उरलेच नाही तर आतल्यावर हात पडणार, हे बाबांना पक्के ठाऊक होते.

कोकणात नेमके तेच झाले. खाजगी मालकीची रानेच्या राने ठेकेदारांनी घेतली, ट्रक भरभरून लाकूड गेले, जागी काजू-आंब्याच्या बागा आल्या किंवा नुसते माळ उरले. गावात जुनी मोठी झाडे म्हणून जी शिल्लक राहिली ती बहुतेक देवाच्या राईतली.

कड्यावर

संध्याकाळी बाबा आम्हाला कड्यावर घेऊन गेले. गावाच्या पश्चिमेला जमीन एकदम संपते. खाली खोलवर कोकण. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या बाजूची चिमुकली कौले, वाकडे ओढे, धूर. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, डावीकडे सिद्धगड. त्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. घाटाची जुनी पायवाट अजून आहे. पौषात म्हशाच्या जत्रेला घाटावरची माणसे याच वाटांनी खाली उतरत.

या काठावर पडणाऱ्या पावसाचे दोन संसार होतात. काठापलीकडे पडलेला थेंब काही तासांत अरबी समुद्राकडे धावतो. काठाच्या अलीकडचा घोड नदीत, मग डिंभ्यात, मग भीमेत, कृष्णेत, असा सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. मधल्या वाटेवर त्याला कोणी अडवून धरले तर तो विहिरीला, खाचराला, माणसाला उपयोगी पडतो. धरण हे काम भिंत बांधून करते. राई हे काम पानांच्या थराने, मुळांनी आणि त्या पडलेल्या बुंध्याने करते. परतताना राईच्या खालच्या अंगाला एक बोटभर ओहोळ वाहत होता. शेजारच्या उघड्या उतारावरचे ओघळ केव्हाच कोरडे पडले होते. ताई त्या ओहोळाशी बसली, पाय धुतले आणि बराच वेळ उठली नाही.

"काय झालं?" मी विचारले.

"आपल्या विहिरीचं पाणी चैत्रात आटतं, असं अण्णा म्हणत होता ना? आई सांगायची, तिच्या वेळी कधी आटत नव्हतं."

मी काही बोललो नाही. नकाशा गाडीत होता.

पळवाट

रात्री ओट्यावर बसून मी बाबांना आमच्या गावची हकीकत सांगितली. मास्तरांनी नकाशा पसरला. बाबांनी त्यातल्या पाच फुल्या मोजल्या.

मी विचारले, "देवळाच्या कामाला राईतलं लाकूड घेतलेलं चालतं का?"

"देवाला विचारून, देवासाठी चालतं. एखादा वासा, एखादं आढं."

आमच्याकडेही रीत हीच. देवाला कौल लावायचा, तो उजवा आला तर देवळापुरते एखादे झाड तोडायचे. पिढीत एकदा, फार तर दोनदा. कौलारू देऊळ लाकडाचे असायचे आणि लाकूड आतून येते हे ठाऊक असल्याने माणसे ते जपून वापरायची. नियमाला ठेवलेली ती एवढीशी फट होती. आज त्याच फटीतून सिमेंटचा ट्रक आत शिरला आहे. पूर्वीच्या देवळाला लाकूड लागायचे, आताच्या देवळाला जागा लागते. स्लॅबचा सभामंडप, भोवती फरशी, फरशीभोवती कुंपण, वाहनतळ. एकही वासा लाकडाचा नसतो, तरी झाडे जातात. आणि 'देवाचे काम' म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मला सर्वांत बोचले ते हे, की ही जागा मोकळी करणारे पैसे गावातले नसतात. ते आमचे असतात. मुंबई-पुण्यात, बडोद्यात, आखातात आणि अमेरिकेत राहणाऱ्या चाकरमान्यांचे. गावापासून दूर राहिल्याची रुखरुख आम्ही देणगीने भरून काढतो. देणगीचे काहीतरी दिसायला हवे, म्हणून संगमरवरी पाटी लागते; पाटी लावायला भिंत लागते. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीला विरोध करता येतो. भक्तीच्या कुऱ्हाडीला दांडा आम्हीच पुरवलेला असतो.

त्या रात्री ताई उशिरापर्यंत जागी होती. दुसऱ्या दिवशी भीमाशंकरला गेलो. दर्शनाची रांग लांब होती. रांगेत उभ्या उभ्या ती एकदम म्हणाली, "अण्णाला फोन मी करते. तू मध्ये बोलू नकोस."

अण्णांचे म्हणणे

फोन घरी आल्यावर केला. अण्णांची बाजू इथे सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही.

"ताई, तुम्ही वर्षातून एकदा येता," अण्णा म्हणाले. "पावसात कार्य असलं की माणसं भिजतात. बायकांना बसायला आडोसा नाही. भजनाला जागा नाही. पोरं शहरात गेली, राहिलेली म्हातारी माणसं ओल्या जमिनीवर बसतात. आम्ही काय हौसेनं झाडं तोडतोय?"

"हौसेनं नाही, ते मला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "मंडप हवाच. पण तो सहाणेवर बांधा. माळ मोकळा आहे, एकही झाड जात नाही."

"देव राईत आणि मंडप माळावर? देव काय माळावर येणार आहे?"

"शिमग्याला येतो की पालखीतून! दरवर्षी सहाणेवरच बसतो ना?"

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, "कौल लावू या. गाव काय म्हणतं ते बघू." आणि जरा खालच्या आवाजात त्यांनी सांगितले की पाचांतली दोन झाडे दिवाळीच्या आठवड्यातच पडली. यंत्र तालुक्याहून भाड्याने आले होते, रिकामे ठेवायला परवडत नव्हते, सह्या मागाहून येतीलच असे सगळ्यांनी धरले होते. "तुमचं पाकीट वेळेत आलं असतं, नाही म्हणून तरी आलं असतं, तर थांबवलं असतं," ते म्हणाले. माझ्या टेबलाच्या खणात ते पाकीट तीन महिने पडून होते, हे ताईने त्यांना सांगितले नाही. मलाही ती त्यावर काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मार्गशीर्षात कौल लागला. सहाणेचा कौल उजवा आला. देवाचा निर्णय असा, की देवाला समजूतदार माणसांनी असा प्रश्न विचारला म्हणून असा, यावर गावात अजून वाद आहे. आम्ही दुसरा हप्ता पाठवला, पहिल्याहून मोठा. पाटी नको, असे कळवले.

शिमग्याला आम्ही गावी गेलो. सहाणेवरच्या मंडपाचे खांब उभे राहिले आहेत. पत्र्याचे साधे छप्पर येईल. पालखी खाली आली तेव्हा म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा खुर्च्यांवर सावलीत बसल्या होत्या आणि अण्णा त्यांच्यात लगबगीने पाणी वाटत होते. दुपारी मी आणि ताई राईत गेलो. किंजळ उभी आहे. तिच्या शेजारी दोन खोडांची गोल तोंडे उघडी पडली आहेत. एका सातविणीचे आणि एक मला न ओळखता आलेले. वर आभाळाचा एक मोठा तुकडा दिसत होता, जो मी लहानपणी तिथून कधी पाहिला नव्हता. विहिरीत डोकावलो. पाणी होते, पण चैत्र अजून यायचा होता.

दोन ओंडके बाजूला रचलेले होते. अण्णांनी विचारले, "यांचं काय करायचं? गिऱ्हाईक आहे."

ताई म्हणाली, "राहू देत इथंच. त्यांच्याच घरात आहेत."

तुमच्याही घरी असे पाकीट कधीतरी येईल. कोकणातून येईल, मावळातून येईल, कोल्हापूर-साताऱ्याकडून येईल. पावतीपुस्तक घेऊन आलेला माणूस तुमच्याच भावकीतला असेल आणि तो काही वाईट नसेल. देणगी जरूर द्या. फक्त देण्याआधी एक विचारा, मंडपाच्या नकाशावर फुल्या किती आहेत? आणि उत्तर द्यायला माझ्यासारखे तीन महिने लावू नका.